खर्ऱ्याचा डाग

मी तोंडाची फटकळ. सासरी आल्या आल्या सगळ्यांनी ते ओळखलं होतं, आणि गावात आशा सेविकेचं काम मिळालं तेव्हा माझ्या फटकळपणावर सरकारी शिक्काच बसला. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात बाळंतीण असो की तापकरी, माझी बोलणी खाल्ल्याशिवाय कोणाला गोळी मिळत नाही. सगळ्यात जास्त बोलणी खर्ऱ्यावरून. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात दाबायचा. पुरुष ती पन्नी खिशात ठेवतात, बायका ब्लाऊजमध्ये. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या, त्यामुळे पन्नी घामापावसानं भिजते आणि ब्लाऊजवर तपकिरी डाग उतरतो. तसा डाग दिसला की मी बांधावरूनच ओरडते, "काढ ते बाहेर!"

माझी मोठी जाऊही खर्रा खायची. तिला मी बाई म्हणते. माझं बाळंतपण तिनं काढलं, माझी मुलगी माझ्यापेक्षा तिच्याच मांडीवर जास्त वाढली. एका होळीला बाईनं सगळ्यांदेखत पन्नी आगीत टाकली आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला इतका आनंद झाला की महिनाभर घरोघरी तिचंच उदाहरण देत फिरले.

आणि रोवणा सुरू झाल्यावर तिच्या ब्लाऊजवर डाव्या बाजूला डाग दिसला. रुपयाएवढा, तपकिरी.

"बाई, पुन्हा सुरू केला ना?"

तिनं पदर ओढून घेतला. "हो वं. कधीमधी खातो."

माझं डोकंच फिरलं. खर्रा खाल्ला म्हणून नव्हे, माझ्या लेकीची शपथ मोडली म्हणून. चारचौघींत मी तिला काय काय बोलले, ते आज लिहायलाही लाज वाटते. बायका हसल्या. बाई खाली मान घालून रोप लावत राहिली. घरी आल्यावर मी मुलीला बजावलं, मोठ्या आईकडे झोपायला जायचं नाही. पोरगी रडली, पण मी ऐकलं नाही. चांगले पंधरा दिवस माझा हा तमाशा चालला.

रोवणा संपला त्या दिवशी बाई बोरिंगवर पाय धूत होती. डाग पुन्हा होताच. मी तरातरा गेले, म्हटलं आज पन्नी काढून चुलीतच घालते, आणि सरळ तिच्या ब्लाऊजमध्ये हात घातला. जावाजावांत कसला आलाय संकोच! पण हाताला पन्नी लागलीच नाही. लागली ती घडी घातलेली जुन्या लुगड्याची चिंधी. वरून वाळलेली, आत ओली. तंबाखूचा वास नाही. इतक्या बाळंतिणी पाहिल्यात मी, रक्त मला कळतं.

"बाई, हे काय आहे?"

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली आणि चिंधी माझ्या हातातून ओढून घेतली.

मग सगळं बाहेर आलं. होळीनंतर आठवडाभरातच सुरू झालं होतं. दुखत नाही, खुपत नाही, आपोआप थेंब येतो. खराब रगत निघून जाऊ दे म्हणून ती रोज सकाळी स्तन दाबून पाहायची, तर जास्तच यायचं.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी रडत ओरडले. मला एकाच वेळी रडता आणि ओरडता येतं.

"तू घरोघरी चित्रं दाखवत फिरत नाई का? त्यात असाच थेंब आहे. खाली कॅन्सर लिवलं आहे."

दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीण वयानं लहान, पण शांत. तिनं बाईला एकेक विचारलं. एकाच बाजूनं येतं की दोन्ही? आपोआप की दाबल्यावर? एकाच छिद्रातून? पाळी कशी आहे, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मग दोन्ही स्तन आणि काखा तपासल्या. गाठ हाताला लागली नाही.

"दोन्हीकडून दुधासारखं आलं तर बहुतेक वेळा एखादं औषध किंवा थायरॉईड कारण असतं, त्याला रक्त तपासतात," ती मला म्हणाली. "फक्त दाबल्यावर हिरवट-पिवळं येतं, तेही सहसा साधं असतं, तरी दाखवावं. पण एका बाजूनं, आपोआप, एकाच छिद्रातून रक्त येत असेल तर आत पाहायलाच पाहिजे. याचा अर्थ कॅन्सरच, असं नाही. आणि बाई, आता दाबायचं नाही."

मीसुद्धा ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं होतं. लोकांना सांगितलंही होतं. आणि माझ्याच घरात त्या रक्ताला मी खर्रा म्हणत बसले.

चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. यंत्रात दाबून फोटो काढतात तो झाला. बाई त्या यंत्राला एवढी घाबरली की मला म्हणाली, "तू बी आत ये आणि याले दोन शिव्या दे." दुधाच्या नळीत बारीकशी वाढ दिसत होती. छोटं ऑपरेशन करून ती काढली आणि तपासायला पाठवली.

रिपोर्ट यायला जे दिवस लागले ते मी कसे काढले, मलाच ठाऊक. बाई मात्र अंगण सारवत होती. मुलीला मी स्वतः तिच्याकडे नेऊन सोडलं. बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण त्या डोक्यावर हात ठेवायला ती बिचकली.

रिपोर्ट चांगला आला. चामखिळीसारखी साधी गाठ, कॅन्सर नाही. तरी दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी बाईचे पाय धरले.

"शपथ तर तुम्ही मोडलीच नव्हती. मग एवढ्या शिव्या काऊन खाल्ल्या? माझ्या पोरीला तोडलं तुमच्यापासून, तरी बोलल्या नाई!"

बाईनं माझे हात सोडवले आणि पदरानं माझंच तोंड पुसलं.

"अवं, तू आशा आहेस. तुले सारं समजते," ती म्हणाली. "तू खर्रा खर्रा म्हणून ओरडे ना, तेवढ्या वेळ मले वाटे, खर्राच असन."