नवऱ्याला बोटीवर पाठवलं तेव्हा

“हा गॅम्बलिंग डिसऑर्डर आहे,” पालघरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे जुगाराचा आजार. नुकसान डोळ्यांना दिसतं, तरी हात थांबत नाही. मी फटकन म्हटलं, “आजार कसला, नुसती मस्ती आहे.” शेजारी आमचे हे मान खाली घालून बसले होते.

माझा राग काही उगाच नव्हता. हे तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. शिफ्टवरून सरावलीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत आले की मोबाईलवर पैसे लावून पत्ते. आधी म्हणाले, करमणूक आहे गं. मग जेवताना खेळ, मुलीला झोपवताना खेळ. हरले की चिडचिड, जिंकले की आणखी एक डाव. विचारलं की धडधडीत खोटं. बायकोशी खोटं बोलणारा माणूस नव्हता हो हा, म्हणून जास्त लागलं.

मी किनाऱ्यावरची, कोळ्याची पोर. आमच्याकडे माणूस बिघडला की त्याला बोटीवर चढवतात. काकाची दारू सुटावी म्हणून त्यालाही असंच धाडलं होतं. खोल समुद्रात ना गुत्ता, ना रेंज. मीही तेच केलं. ह्यांना रजा टाकायला लावली आणि माझ्या दादाच्या बोटीवर पाठवलं.

बोट परतली त्या दिवशी मुलीला घेऊन बंदरावर गेले. खलाशी जाळी आवरत होते आणि हे पुढे टोकाला उभे. मला वाटलं, आमच्यासाठीच. मी वेड्यासारखा हात हलवला. बोट जवळ आली तेव्हा दिसलं, मोबाईल उंच धरून रेंज शोधत होते. मुलगी हाका मारत होती, त्यांना ऐकूच येईना. मी तिथेच बसून रडले.

दादा जवळ येऊन म्हणाला, “बाय, दोन वेळा जेवले, झोपले, काम केलं. पन ह्ये माज्या बोटीनं बरं व्हनार नाय. दवाखान्यात ने.”

म्हणून आम्ही त्या दिवशी पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे आलो होतो. ह्यांनी भीत भीत विचारलं, थोडं थोडं खेळलं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी आता ‘थोडं’ उरलेलं नाही. पूर्ण बंद.”

मग काउन्सेलिंग सुरू झालं. म्हणजे बोलून बोलून स्वतःची ओढ ओळखायला शिकायचं. ती आली की लपवायची नाही, जवळच्या माणसाला सांगायचं, ती ओसरेपर्यंत थोडा वेळ काढायचा. पगार माझ्या हाती आला. मध्येच एकदा हे पुन्हा खेळले, तेव्हा मी भांडी आपटली. बाई म्हणाल्या, हा रिलॅप्स, आजार उलटतो तसा. उपचार सोडू नका, आणि घरात पोलीसही होऊ नका.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर लाजत बसू नका. सरकारी दवाखान्यातही याचे डॉक्टर असतात. दादाचे आणि त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

परवा मी ओट्यापाशी बोंबील साफ करत होते. हे कामावरून आले आणि मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

“आज लय ओढ लागलीय. खोटं नाय बोलवत तुज्याशी. बस जरा माज्यापाशी.”

हात न धुताच मी बसले. त्यांनी तेच हात घट्ट धरले. माझा नवरा मला परत भेटत होता. तेवढ्यात मांजर दोन बोंबील उचलून घेऊन गेलं. मी पाहिलं आणि बसूनच राहिले.