ट्रॅक्टरचं बाईमाणसाला काय विचारायचं?

ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतंच. तसं आमच्या ग्रुपवर शंका मिटते आणि किस्सा मागं उरतो. आता इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

ग्रुपचं नाव 'असं का?'. बारामती आणि इंदापूर तालुक्यातली माणसं त्यावर मोटार, वीज, पाणी, यंत्र, काहीही विचारतात. मी कऱ्हाटीची. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते, म्हणून उत्तरं बहुतेक मीच द्यायचे. ॲडमिन आहेत बावड्याचे संपतराव. कारखान्याला ऊस वाहणारे त्यांचे ट्रॅक्टर आहेत. माणूस दिलदार, पण बाई यंत्रावर बोलली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत!

* * *

लोणी भापकरच्या एका तात्यांनी विचारलं, लाईट एवढी हळू का येते?

मी वर्गावर होते. तेवढ्यात तात्यांच्या पुण्यातल्या भाच्यानं उत्तर टाकलं. साहेब कॉम्प्युटर कंपनीत आहेत. म्हणे, लाईट हळू नसते, सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. खाली सूत्रसुद्धा!

तात्यांनी लिहिलं, "मग आमच्या डीपीवरनं काय बैलगाडीत बसून येती व्हय?"

पुण्यात राहून भाचा विसरलाच होता, की आपल्याकडं लाईट म्हणजे वीज आणि डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. मी नंतर सांगितलं, तात्या, व्होल्टेज कमी मिळतंय, मोटार चालू करू नका, जळेल. तेव्हापासून भाचा ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा.

* * *

इंदापूरच्या रफिकभाईंचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, फ्रीजचं दार उघडं टाकलं तर दुकान गार होईल का?

मी लिहिलं, उलट तापेल. फ्रीज आतली उष्णता मागच्या बाजूनं तुमच्याच दुकानात सोडतो, वर कॉम्प्रेसर तापतो तो वेगळाच.

रफिकभाईंनी अर्थातच करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. "मॅडम, तुमचं खरं झालं. दुकान तापलं. पण गिऱ्हाईक गार हवा खायला आत येतंय, घामाघूम होतंय आणि एकाच्या जागी दोन बाटल्या पितंय. दार उघडंच ठेवतो!"

* * *

त्यावर संपतरावांनी लिहिलं, मॅडमनी आता जरा रेसिपी टाकाव्यात, बायामाणसांना तेच शोभतं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मला राग आला. का येऊ नये? मी रेसिपी टाकली.

"कुकरमध्ये पाणी घ्या. झाकण घट्ट लावा. शिट्टी उडू नये म्हणून तिच्यावर वीट ठेवा. गॅस मोठा करा. आणि दुसऱ्याला गप्प बसवायची ज्यांना हौस आहे, त्यांना शेजारी उभं करा."

हसरे चेहरे गायब. एकट्या रफिकभाईंनी टाळ्या टाकल्या.

* * *

मग उसाचा हंगाम लागला. कुणीतरी विचारलं, दोन ट्रॉल्या ओढताना कॅनॉलच्या चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं का उचलतात? आमच्याकडं यावर जुना इलाज आहे. पुढं बंपरवर माणूस बसवायचा, म्हणजे त्याच्या वजनानं चाकं टेकतात.

मी लिहिलं, मागची ओढ जास्त झाली की ट्रॅक्टर तोंड उचलतो आणि स्टिअरिंग लागत नाही. पुढं वजन पाहिजेच, पण ते लोखंडाचं बसवा. माणूस घसरला तर थेट चाकाखाली जाईल. आणि कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून हेही लिहिलं, की संपतराव स्वतःच्या थोरल्या मुलाला, उमेशला, बसवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पोराचं लग्न ठरलंय, एवढं तरी बघा.

संपतरावांचा लगेच फोन. "आमच्या वडलांपास्नं माणूस बसतोय. आता ट्रॅक्टरचं बाईमाणसाला विचारायचं? लिवलेलं पुसा, न्हायतर ग्रुप सोडा."

"पुसत नाही, आणि सोडतही नाही," मी म्हणाले. "काढायचं तर तुम्ही काढा."

काढलं की! ग्रुपचं मला काही वाटलं नाही. पण उमेश उद्याही त्या बंपरवर बसणार, हे डोक्यातून जाईना. जीव नुसता टांगणीला लागला.

* * *

दोन दिवसांनी दुपारी एका बाईंचा फोन आला. संपतरावांच्या घरच्या, शालनकाकी. आवाज अगदी बारीक.

"ताई, ह्यास्नी कळू देऊ नका. पुढं वजन काय लावू? लोखंड आणलं तर ह्यास्नी वाटंल, तुमी जिंकला."

मी विचारलं, घरात जड काय आहे? तर पडवीत दळायची दोन जुनी दगडी जाती पडून होती, सासूचं आणि आजेसासूचं. मी ट्रॅक्टरचं मॉडेल विचारलं, हिशेब केला आणि सांगितलं, मधल्या भोकातून जाड बोल्ट घालून पुढं आवळून घ्या, हलता कामा नये. आणि ट्रॉल्या जरा कमी भरायला लावा. नवऱ्याला काय सांगणार, ते काकींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचं माझ्या चुलतभावानं पाहिलं. तो उसाची गाडी घेऊन कारखान्यावर नंबरला उभा होता. संपतरावांचा ट्रॅक्टर आला. पुढं दोन जाती, हळदकुंकू लावलेली, वर लिंबू-मिरची. बंपरवर कुणी नाही. उमेश मोटारसायकलवर मागून येत होता. सगळे ड्रायव्हर भोवती जमले, हे काय नवीन म्हणून विचारायला लागले.

"मालकिणीचा हट्ट," संपतराव म्हणाले. "लग्नाचं पोरगं हाय, दृष्ट लागू नये म्हणून बांधल्यात. त्याला बी पुढं बसायची बंदी घातलीया तिनं."

एकानं विचारलं, आम्हालाही बांधायचं झालं तर एक जातं चालेल का?

संपतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"ट्रॉल्यांवर हाय ते. एक ट्रॉली असली तर एका जात्यात दृष्ट निघती. दोनाला दोनच लागत्यात."