मनातलं बोला, ताई

कानाच्या मशीनी विकण्यात माझी दहा-बारा वर्षं गेली. भिलाईत या मालाला गिऱ्हाइकांची कमी नव्हती. जन्मभर स्टील प्लांटच्या खडखडाटात काम करून रिटायर झालेले काका दर गल्लीत एक-दोन तरी असायचे. पण त्यांना मशीन विकणं महाकठीण. ‘मले सगळं ऐकू येते, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता,’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मला त्याचं हसूसुद्धा येईना.

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मशीनचे गुण कसे सांगायचे ते शिकवायचे. मी माझी वेगळी पद्धत काढली. ट्रायलची मशीन काकांच्या कानात बसवायची, सुरू करायची आणि मग त्यांच्याशी बोलायचंच नाही. घरच्यांकडे वळायचं आणि मऊ आवाजात विचारायचं, ‘यांना ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला काय काय सोसावं लागतं? मनातलं बोला.’ एवढं विचारलं की गप्प बसायचं. यांना ऐकू जाणार नाही या सवयीनं घरचे नेहमीच्या आवाजात बोलून टाकायचे. बायको म्हणायची, ‘हाका मारून मारून माझा गळा बसला.’ सून टीव्हीच्या आवाजाची तक्रार करायची. आणि काका एकदम मान वळवून म्हणायचे, ‘काय म्हटलं?’ सगळे हसायचे. त्या हसण्यात ऑर्डर होऊन जायची.

भिलाईतल्याच कोहक्यातलं एक घर मला तिथल्या काकांच्या मुलीच्या फोनवरून मिळालं. ती लग्न होऊन जवळच्या जुनवानीत राहत होती. आई जाऊन थोडे महिने झाले होते आणि बाबा घरी एकटेच. दाराची बेल वाजलेलीही त्यांना कळत नाही म्हणून ती काळजीत होती. घर मराठी आहे हे कळल्यावर मी हिंदी सोडून दिली. आम्ही दुर्गचे, घरात मराठीच बोलतो, पण खरं सांगायचं तर धंद्यातही तिचा मला फार उपयोग व्हायचा.

काका उंच, सडसडीत, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. ‘कावून आणलं याले?’ त्यांनी मुलीला विचारलं. पण मी मोठ्या आवाजात त्यांच्या गावाची चौकशी केली, भंडाऱ्याकडच्या धानाच्या गोष्टी काढल्या, तेव्हा ते सैल झाले आणि त्यांनी मला कानाला हात लावू दिला. मी मशीन बसवली. आवाज नीट केला. मग पाठ फिरवून मुलीला म्हटलं, ‘मनातलं बोला, ताई.’

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी काही बोललो नाही. असं थांबणं मला चांगलं जमायचं.

‘आई बाथरूममध्ये पडली होती, भाऊ,’ ती म्हणाली. ‘बाबा समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. आईनं किती आवाज दिले! मी आली तोवर ती तशीच पडून होती, ओल्या फरशीवर. मले म्हणे, मी आवाज दिले हे तुझ्या बाबाले सांगू नको, त्यायच्या जिवाले लागन. त्यातच ती गेली, अन् मी अजून सांगितलं नाही.’

काकांनी मान वळवली नाही. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं हळूहळू आवळत चालली होती.

‘घेतो मी हे,’ ते म्हणाले. ‘कुठं सही करू?’

मी तिथेच थांबायला हवं होतं. मशीन काढून घ्यायला हवी होती, निदान दोघांना एकटं सोडून अंगणात तरी जायला हवं होतं. मी बॅगेतून फॉर्म काढला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

मुलगी फाटकापर्यंत माझ्यामागे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ‘भाऊ, त्यायले ऐकू गेलं का?’

‘मशीन एकदम मस्त आहे, ताई,’ मी म्हटलं आणि गाडीला किक मारली.

त्या वर्षी कंपनीनं रायपूरच्या एका हॉटेलात नव्या सेल्सवाल्यांपुढे मला बोलायला उभं केलं. मी हीच गोष्ट सांगितली. घराचा पत्ता गाळला, बाकी सगळं सांगितलं, बाथरूमसुद्धा. प्रश्न विचारून गप्प कसं बसायचं तेही करून दाखवलं. टाळ्या पडल्या. एका मुलीनं तो प्रश्न शब्दशः वहीत लिहून घेतला. आनंद झाला मला. लपवण्यात काय अर्थ आहे?

मशीन विकल्यावर सहा महिन्यांनी फुकट सर्व्हिससाठी मी कोहक्याला गेलो. काका दारातच बसले होते, कान रिकामे. मशीन कपाटात डब्यातच होती, बॅटरीच्या पाकिटातली एकच बॅटरी वापरलेली होती. मी मोठ्यानं विचारलं, ‘काका, काही त्रास होतो का मशीनचा?’

‘नाही बाबू. चांगली आहे.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘ते लावलं का तिचा आवाज येते.’

मला वाटलं, मुलीचा म्हणतात. ‘मग चांगलंच ना!’ मी ओरडून म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. ‘जो तवा आला नाही, तो.’

त्यांनी मला चहा दिला. मी तो कसा प्यायलो ते आठवत नाही.

तिथून मी सरळ जुनवानीला मुलीकडे गेलो. ती दर रविवारी बाबांकडे जाते, स्वयंपाक करते, पण त्या दिवसाबद्दल दोघंही एक शब्द बोलत नाहीत, असं तिनं सांगितलं. ‘माझीच जीभ घसरली,’ ती म्हणाली. ‘त्यायच्या कानात मशीन आहे, हे मी विसरूनच गेली होती.’

‘तुमचं चुकलं नाही, ताई. तुम्ही विसराल हे मला माहीत होतं. मी तसंच करतो. सगळ्यांच्या घरी.’

ती उठून उभी राहिली. ‘मी रोज स्वतःले दोष देऊन राहिली आणि तुमी हे आत्ता सांगता? जा, बाबाले जाऊन सांगा.’

मी हो म्हटलं. त्या आठवड्यात टार्गेट होतं, पुढच्या आठवड्यात रायपूरची मीटिंग, मग दिवाळी आली. खरं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी गेलो तेव्हा दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, काका भावाकडे गावी गेले, आता तिकडेच राहणार. फोनवर त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. मुलीकडून पत्ता घेऊन मी पत्र लिहिलं. माझं शिक्षण हिंदीत झालेलं, मराठी लिहायची सवय नाही. चार कागद फाडल्यावर एक धड झाला. प्रश्न मी मुद्दाम विचारला, मुलीला दोष देऊ नका, एवढंच त्यात होतं.

नोकरी मी त्यानंतरही दोन वर्षं केली. तो प्रश्न मात्र विचारला नाही, आणि माझी विक्री पडली. माझ्या हाताखाली शिकलेले तो अजून विचारतात. एकदा मी एकाला अडवलं, तर तो हसून म्हणाला, ‘सर, आपने ही तो सिखाया है.’

त्या पत्राच्या उत्तराची महिनाभर वाट पाहून मी तेव्हा मुलीला फोन केला होता. ‘पोचलं पत्र,’ ती म्हणाली. ‘बाबाच्या भावानं सांगितलं, बाबानं दोनदा वाचलं. काही बोलले नाही.’

मी विचारलं, तब्येत कशी आहे?

‘बरी आहे,’ ती म्हणाली, आणि कुकरची शिटी झाली म्हणून तिनं फोन ठेवला.