विमानाला लावलेली सुपारी

आमच्या जळगावच्या फ्लाइंग क्लबाचं चार सीटचं विमान सेशेल्सच्या एका गिऱ्हाइकाला विकलं गेलं आणि ते तिकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एक इंजिन, एक माणूस आणि मध्ये अख्खा हिंदी महासागर. मागच्या सीटा काढून तिथं पेट्रोलची जादा टाकी बसवली होती. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला हवी, म्हणून टाकीची एक अंगठ्याएवढी नळी विमानाच्या पोटाखाली काढलेली. हे मी क्लबात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. निघायच्या सकाळी तपासणी झाल्यावर बजावलंही, की आता विमानाला कुणी हात लावायचा नाही.

ऐकतील तर ते आमचे अध्यक्ष आबा कसले! गावात त्यांची जिनिंग फॅक्टरी, चांगला शिकलेला माणूस. मी हवामान विचारायला फोनपाशी गेलो, तेवढ्यात यांनी पूजा उरकली. नारळ, हळदकुंकू, पेढे. मी पेढा खाल्ला आणि निघालो.

मालदीवपर्यंत थांबे घेत पंखांतल्या टाक्यांवर भागलं. पुढच्या लांब टप्प्यात त्या संपत आल्यावर जादा टाकी चालू केली. थोड्या वेळानं इंजिन ठसकलं आणि गप्प झालं. खाली नुसतं पाणी. पंखांतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर ते पुन्हा चालू झालं, पण तेवढ्यात ना पुढचा किनारा येणार होता ना मागचा. मला मरणाची भीती वाटली. हवा अडलीय हे कसंबसं सुचलं, तसं मागे वळून मी टाकीचं झाकणच सैल केलं. पेट्रोल इंजिनाकडे वाहू लागलं. उरलेला सगळा प्रवास सैल झाकणातून येणाऱ्या वाफेत ओकत केला.

उतरल्यावर पोटाखाली आडवा झालो. नळीत, आत खोलवर, कुंकवानं माखलेली सुपारी! गणपती म्हणून मांडलेली सुपारी गडगडत होती, म्हणून अध्यक्षांनी तिला नेमकं ते भोक शोधलं होतं. पकडीनं ती उपटताना मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

घरी परतलो तर स्वारी हार घेऊन ओट्यावर हजर. मी सुपारी त्यांच्यापुढे आपटली आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ती उचलून कपाळाला लावली.

"बघा भाऊ, हा गणपती सोबत नसता तर तुम्हाला झाकण सुचलं असतं का?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच आई दारातून पुढं आली. मी गेल्यापासून तिला धड जेवण गेलं नव्हतं.

"आबास्नी देव बसाडा म्हनीसन तू वाचना," ती रडत म्हणाली. "पाया पड त्यास्ना."

मला बुडवायला निघालेला हात माझ्या डोक्यावर आला, आणि आईकडे बघत, दात आवळून मी तो आशीर्वाद घेतला.