मंगळीने सारवलेली भिंत

आमच्या उमरोळीकडच्या पाड्यावर सारवणात मंगळीची बरोबरी करणारं कुणी नाही. मी इथली आशाताई, घरोघर फिरते, म्हणून सांगते. लग्नघर असो की खळं, बोलावणं मंगळीलाच. आणि बाईला त्याचा तोरा केवढा! दुसऱ्या कुणी सारवलेल्या ओटीवर बसताना नाक मुरडायची.

मार्चमध्ये ती बोईसरजवळ सरावलीच्या कारखान्यांकडे झाडलोटीच्या कामाला जायची. तिथे एका बंद कारखान्यामागे हिरवट गाळाचा ढीग उन्हात वाळून पिठासारखा झाला होता. मंगळीने तो बोटांवर चोळून पाहिला आणि दोन गोण्या घरी आणल्या. सून स्वातीला दिवस गेले होते. तिची खोली मंगळीने तो गाळ शेणामातीत कालवून सारवली. भिंत अशी गुळगुळीत झाली की मुंगीसुद्धा फिरकेना. मीच मेली कौतुक करत होते.

मे महिन्यात पालघरच्या कॉलेजातली उत्कर्षा धूळ तपासत फिरत होती. तिने त्या भिंतीचीही चिमूट नेली. आठ दिवसांनी सकाळीच येऊन तिने आम्हा दोघींना सांगितलं, यात शिसं आहे, पोटातल्या बाळाला फार वाईट.

झालं, मंगळी उठली. खुरपं घेऊन भिंत खरवडायला लागली, तीही कोरडी. घरभर धूळ! मी ओरडले, "अगं, आधी पाणी मार! पोरीला बाहेर काढ!" मग स्वातीला लांब आंब्याखाली बसवलं, भिंत भिजवून उकरली, चिखल गोण्यांत भरला. तरी मंगळीला चैन नाही. उठायची, बसायची, सुनेकडे बघायची. एक प्रश्न विचारायची तिची छाती होत नव्हती. आमच्याकडे गरोदर बायकांना माती खायचे डोहाळे लागतात, हे काय मला ठाऊक नाही? पण मीही गप्प. पोर घाबरेल म्हणून स्वातीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, आणि ती चूक माझीच.

दुपारी मंगळीने स्वातीला, तिच्या सोतीला, विचारलंच. "सोती, भितीची माती खाल्लीस का गं?"

स्वाती लाजली. "रोज खाते, आये. दुसऱ्याच्या घरची नाय खात. तू सारवलेली हाय, तिच्यात घाण कशी असल?"

रक्त तपासायला मी दोघींना बोईसरच्या रिक्षात बसवलं, मीही बसले, वाटेत स्वातीला सगळं सांगितलं. घाबरून स्वातीने सासूचाच हात घट्ट धरला. मंगळी तो सोडवून घ्यायला बघत होती.