शंभर मोजेपर्यंत

शुक्रवारी सकाळी मी भाजीच्या गाडीपाशी वांगी निवडत उभा होतो. फोन वाजला. शेजारची लक्ष्मीअम्मा. ‘‘घरी या,’’ एवढंच म्हणाली आणि ठेवला. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या गल्लीत फोनवर एवढं थोडं कोणी बोलत नाही. मला तिथंच कळलं. घरी पोचलो तर शकुंतला, माझी बायको, टेबलापाशी खुर्चीत बसलेली, मान भिंतीला टेकलेली. समोर वही, वहीवर पेन, पेनाला टोपण लावलेलं. खोटं कशाला सांगू, मी आधी टोपण पाहिलं, तिच्या तोंडाकडे नंतर... जातानासुद्धा बाई टोपण लावायला विसरली नाही.

आदल्या संध्याकाळीच म्हणाली होती, ‘‘रविवारी मीराला घेऊन टी. नगरला जाऊ. तिला पेन घ्यायचंय.’’ मीरा आमची नात, मुलाची मुलगी. नुकतीच वकिलीच्या कॉलेजात गेली आहे. तीन-तीन तास हातानं पेपर लिहायचा, बॉलपेननं बोटं दुखतात म्हणून शाईचं पेन पाहिजे. मी म्हटलं, ‘‘तुझं देऊन टाक की.’’ तर म्हणाली, ‘‘माझं तिलाच आहे, मी गेल्यावर. पण निवडायला तिला यायला पाहिजे. फुकट मिळालेल्या पेनाची किंमत कळत नाही, अहो.’’

ते पेन मी केलेलं. आम्ही तंजावरकडचे मराठी, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ. माझी शाळा पाचवीत सुटली. मद्रासला येऊन जुन्या बाजारात एका पेनवाल्याकडे लेथवर लागलो. काळ्या कडक रबराच्या कांड्या यायच्या, त्या कातायच्या, आतून पोखरायच्या, आटे पाडायचे. आवडी गावातल्या कारखान्यात लागायच्या आधीची गोष्ट ही. दिवसाला ढीगभर पेनं माझ्या हातून जात आणि मला मात्र सहीपलीकडे लिहायचं काम पडत नसे. एके दिवशी ही आली. मास्तरीण व्हायचं शिकत होती, दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी. तिला स्वस्त पेन हवं होतं आणि ते तिच्या नोकरीभर टिकायला हवं होतं. मालकानं चकचकीत पेनं पुढं केली, सोनेरी कड्या असलेली. हिनं ती बाजूला सारली. कडी आधी गंजते म्हणाली. निब ओढून पाहिली, निघते का, कारण निब झिजली तर नवी बसवता आली पाहिजे, सगळं पेन टाकायची ऐपत नाही. कागदावर लोक नाव लिहून बघतात, हिनं अर्धं पान भरून काढलं. मग कहरच केला. पेनात शाई थोडीच ठेवायला सांगितली, पेन मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटून मोजत बसली.

आत लेथवरून मी ओरडलो, ‘‘पेन घेताय का अंडं उबवताय?’’

डोळे न उघडता म्हणाली, ‘‘पिल्लू निघालं तर तुमच्या मालकालाच देते.’’

शंभर झाल्यावर टोपण काढलं तर निबेच्या टोकाला शाईचा टपोरा थेंब. असल्या पेनात शाई नळीतच भरलेली असते. ती कमी झाली की वर हवा राहते, हाताची ऊब लागली की हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. नळीची भिंत पातळ असली तर हे हमखास होतं. तिनं तीन पेनं अशी नापास केली. तिन्ही माझी. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी जाड भिंतीचं पेन कातलं, इतकं जाड की मालक म्हणाला, हे पेन आहे का लाटणं. तिनं मूठ मिटली, शंभर मोजले. मग दोनशे मोजले. थेंब आला नाही. पुढं दोन्ही घरचे लोक ओळखीचे निघाले, लग्न झालं. पण मला विचाराल तर आमचं लग्न त्या दोनशेलाच ठरलं होतं.

त्या पेनानं तिनं नोकरीभर फळ्याखालच्या टेबलावर वह्या तपासल्या, माझे कारखान्यातले अर्ज लिहिले, मुलाच्या शाळेच्या चिठ्ठ्या लिहिल्या. रोज सकाळी कापी, म्हणजे आमची कॉफी, प्यायच्या आधी टोपण फिरवून काढायची, माझ्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, पांढऱ्या तुकड्याला निब टेकवून बघायची, आणि पेन पत्र्याच्या डब्यात ठेवायची. निब टेकली तेवढा एक बारीक ठिपका. कापडावर कधी डाग नाही. शेजारच्या पोरापोरींना पेन घ्यायला तीच घेऊन जायची, आणि सगळ्यांना मूठ मिटून शंभर मोजायला लावायची.

दहाव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा कापी करून मी तिच्या खुर्चीत बसलो. काय करावं कळेना म्हणून डबा उघडला आणि तिच्यासारखं टोपण काढलं. आतून टोपण ओलं होतं. निबेला टपोरा थेंब. कापडावर अंगठ्याएवढा निळा डाग पडला.

मला वाटलं, उकाडा. चेन्नईचा उकाडा माणसालाही वितळवतो. मी पुसलं आणि ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस, भुताखेतांचं मला कोणी सांगू नये. चष्मा लावून आटे तपासले, मेण लावलं. नळीला तडा आहे का पाहिलं. काही नाही. डबा मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. तिथं ऊन येत नाही. तरी थेंब. मग डबा पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला, ओल्या फडक्यात गुंडाळून. सकाळी डबा गार, फडकं गार, आणि आतलं पेन... कोमट होतं. लिहिता लिहिता कोणी क्षणभर खाली ठेवावं आणि आपण उचलावं, तसं. मी ते तसंच धरून बसलो. भिंतीची जाडी मला माहीत आहे, मीच ठेवली होती. मुठीत दोनशे मोजून जिथं थेंब आला नाही, तिथं तो आपोआप येत नसतो. कोणाचा तरी हात पाहिजे, आणि तो बराच वेळ पाहिजे.

मी कोणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती का? वाटत होती. पण सकाळ व्हायची वाट बघत होतो हेही खरं.

मग मीराचा फोन आला. ‘‘ताता, आजीनं सांगितलेलं पेन?’’ ती मला आजोबा म्हणत नाही, ताता म्हणते, तिचं मराठी अर्धं तमिळच आहे. मला कळलं ती काय मागते आहे. पेन तिचंच होतं. शकुंतलेचा शब्द होता. आणि मी काय बोललो? ‘‘ते बिघडलंय. चल, तुला नवं घेऊन देतो.’’ बायकोला जाऊन महिना झाला नव्हता आणि मी तिच्या नातीशी खोटं बोललो. ते पेन गेलं तर सकाळी माझ्याकडे काय राहणार होतं?

रविवारी टी. नगरला गेलो. साड्यांच्या दुकानांची गर्दी ओलांडून आतल्या गल्लीत पेनाचं एक लहान दुकान आहे. मी सगळं तिच्यासारखं केलं. कड्या नकोत, निब निघणारी हवी, अर्धं पान लिहून बघ. मग पेन मुठीत धरून मोजायला लागलो. शंभर झाले, थेंब नाही. दुसरं पेन, नाही. पातळ भिंतीचं, मला बघूनच कळत होतं, तेही पास. मीरानं माझा हात धरला. ‘‘ताता, तुमचा हात बर्फ आहे.’’ माझ्या हाताला ऊबच नव्हती. असल्या हातानं पेन काय पारखणार?

मग तिनं मूठ मिटली आणि डोळे मिटले. दुकानदार पोरगेला, हसून तमिळमध्ये म्हणाला, ‘‘काय हो, अंडं उबवताय?’’

डोळे न उघडता मीरा म्हणाली, ‘‘पिल्लू निघालं तर तुम्हालाच देते.’’

 बाहेर आल्यावर विचारलं, ‘‘आजीनं ही गोष्ट सांगितली होती तुला?’’

‘‘कुठली गोष्ट?’’

दुकानात पातळ पेन तिच्या मुठीत गळलं होतं, जाड टिकलं होतं. तेच घेतलं. घरी आल्यावर मला राहवेना. डबा काढला, सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. वाटलं हसेल, नाहीतर बापाला फोन करून सांगेल की तातांचं डोकं फिरलं. तिनं कापडावरचे डाग बघितले. एकापुढं एक, ओळीनं, कारण मी रोज कापड सरकवत होतो. एकेकावर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, ‘‘आजीला लिहायचं असेल, ताता. तुम्ही डब्यात कोंडून ठेवलंय.’’

हे माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटत होतं, ती माझ्यासाठी येते.

मी पेन धुतलं, नळी काठोकाठ भरली, मीराच्या पिशवीत घातलं. तिनं नवं पेन माझ्या टेबलावर ठेवलं. ‘‘मग हे तुम्हाला. आता तुम्ही लिहा.’’ हे सगळं त्याच पेनानं लिहिलं आहे. अक्षर लागत नसेल, शुद्धलेखन चुकलं असेल, तर छापणाऱ्यांनी नीट करून घ्यावं. ती असती तर लाल शाईनं केलंच असतं.

मीरा सांगते, पेन झकास चालतं, एकदाही गळलं नाही. वर्गात लिहिताना हात दुखत नाही, आणि सर म्हणाले तुझं अक्षर जुन्या बायकांसारखं आहे.

डबा इथंच आहे. सकाळी कापी झाली की मी अजून उघडतो. कापड कोरडं असतं. मग काहीच न धरता मूठ मिटतो आणि मोजतो, सवय म्हणून. हात गारच असतो, आता तो तसाच राहणार. पण काल ऐंशीच्या पुढं कुठंतरी तळव्यात ऊब आली, आधी मधोमध, मग बोटांपर्यंत... शंभर झाले. मी मूठ उघडली नाही. पुढचे शंभर मोजायला लागलो.