शेजारच्या धुऱ्यावरचे वारूळ

निसर्गाची गुपिते उघड करणे हे शिक्षकाचे परम कर्तव्य आहे, असे मी जीवशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो. कुदळ मात्र एकदाच हातात घेतली.

एकोडीजवळच्या आमच्या गावात शेजारच्या काकूंच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वारूळ होते. श्रावणात त्यावर सात्या उगवत. अळंबीच्या पांढऱ्या, लांब देठाच्या छत्र्या. काकू देठ बोटांनी हलकेच पिळून काढायच्या, चार-पाच तिथेच सडायला सोडायच्या आणि वारुळाला लोखंड लागू द्यायच्या नाहीत. पोळ्याला त्यांची लेक माहेरी यायची ती या भाजीच्या ओढीने. पळसाच्या पानात गुंडाळून थोड्या आमच्याकडेही यायच्या. मी त्या खायचो, आणि लोखंडाचा नियम ही अंधश्रद्धा आहे हे काकूंना समजावून सांगायचो.

वारुळाच्या पोटात वाळवी बुरशीची शेती करते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. चावलेला पाला ती बुरशीला घालते, बुरशी तो पचवते, मग वाळवी खाते. सात्या ही त्याच शेतीची वर आलेली फळे. ही शेती दहावीच्या मुलांना दाखवावी म्हणून एका सकाळी, काकूंना न विचारता, मी वारूळ फोडले. आत स्पंजासारखे तपकिरी गोळे निघाले. राणीसुद्धा सापडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन काकू आल्या.

"काहून खोदून राहिले, मास्तर? सात्या पायजे होत्या तं मले सांगाचं होतं."

"सात्यांसाठी नाही, काकू. विज्ञानासाठी."

"मंग, भेटलं काय?"

मी हो म्हणालो.

पोळ्याला लेक आली. मी कुंपणाच्या अलीकडे दात घासत होतो.

"आई, औंदा सात्या नाही केल्या?"

"निंगाल्याच नाही, माय," काकू म्हणाल्या. "पाणी बराबर नाही पडलं."

त्या वर्षी गावचा तलाव दोनदा ओसंडला होता. काकूंना मी दिसत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खरे सांगायला दोन पावले पुढे जाणे पुरेसे होते. मी चूळ भरून आत गेलो.

ते वारूळ पुन्हा उभे राहिले नाही. यंदा माझ्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली आहे. ही लाकडातली जात आहे. ती बुरशी पाळत नाही.